उत्तर न ठरलेले प्रश्न : गावातील नेतृत्व आणि हायस्कूलमधील कुतूहल

कुतूहल हा शब्द शिक्षणविषयक लेखनात वारंवार येतो. परंतु नवी वस्तू पाहिल्यावर वाटणारे घटकाभराचे नवल आणि एखादी गोष्ट अशीच का आहे याचा छडा लागेपर्यंत मनाला चैन न पडणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हा भेद त्या वापरात सहसा पाळला जात नाही. प्रस्तुत लेखात कुतूहल हा शब्द दुसऱ्या अर्थाने योजला आहे. स्थानिक नेतृत्व ही संज्ञाही येथे केवळ निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांपुरती मर्यादित नाही. ज्या व्यक्तीच्या शब्दाखातर गावातील चार माणसे कामाला उभी राहतात ती व्यक्ती नेता, मग ती सरपंच असो, बचत गटाची अध्यक्ष असो, घरचे बियाणे राखणारी शेतकरी स्त्री असो किंवा पंचक्रोशीत विहिरींच्या कामासाठी जिला बोलावणे येते अशी जाणती व्यक्ती असो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील, म्हणजे सह्याद्रीने पावसाळी ढग अडवल्यामुळे कमी पाऊस पडणाऱ्या भागातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना प्रस्तुत लेखकाला आलेला अनुभव आणि महाराष्ट्रातील काही गावांनी केलेले सर्वज्ञात प्रयोग एकत्र पाहिले, तर एक निष्कर्ष काढता येतो. नेत्याच्या यशाची कथा ऐकून विद्यार्थ्यांना आदर वाटतो. कुतूहल मात्र नेत्यापुढे आज उभा असलेला आणि अजून न सुटलेला प्रश्न त्यांच्या हाती दिला गेला, तरच जागे होते.

आठवी ते दहावी ही तीन वर्षे या दृष्टीने नाजूक असतात. पाचवी-सहावीतील मूल शिक्षकाला मध्येच थांबवून विचारते. तेच मूल नववीत आले की हा भाग परीक्षेला आहे का, एवढाच प्रश्न विचारू लागते. यात मुलांचा दोष नाही. दहावीच्या निकालावर पुढची वाट ठरते असे घरी, दारी आणि शाळेत सतत सांगितले जात असल्याने, ज्या प्रश्नाला गुण नाहीत तो प्रश्न वेळ खाणारा ठरतो. वाड्या-वस्त्यांवरून सायकलने किंवा एसटीच्या पासवर येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. घरी जे ज्ञान वावरते, म्हणजे कोणत्या वाफ्यात पाणी आधी मुरते, कोणत्या गाईला कोणता चारा मानवतो, कोणत्या महिन्यात कोणती विहीर तळ गाठते, ते शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवायचे असते असा समज त्यांच्या मनात रुजतो. पुस्तकातील ज्ञान एका बाजूला आणि जगण्यातील ज्ञान दुसऱ्या बाजूला असे दोन कप्पे पडले की प्रश्न निर्माण होण्याची जागाच उरत नाही, कारण प्रश्न बहुधा या दोन्हींच्या घर्षणातून उपजतो.

शाळा आणि गावातील पुढारी यांची भेट आजही बहुतेक ठिकाणी एका ठरावीक रूपात होते. स्वातंत्र्यदिन, स्नेहसंमेलन किंवा दहावीचा निरोप समारंभ असतो, पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ दिले जाते, पाहुणे आपण कोणत्या परिस्थितीतून वर आलो ते सांगतात, मुलांनी खूप मोठे व्हावे असा आशीर्वाद देतात आणि टाळ्या होतात. या भेटीतील भावना खरी असते आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही; पण तिच्यात विद्यार्थ्याला करण्यासारखे काहीच नसते. सांगणाऱ्याचा प्रवास पूर्ण झालेला असतो, उत्तर आधीच मिळालेले असते आणि ऐकणाऱ्याने फक्त ते स्वीकारायचे असते. प्रस्तुत लेखकाने पहिली काही वर्षे असेच कार्यक्रम मनापासून घडवून आणले. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारल्यावर मुलांना पाहुण्यांचे नाव आणि पद आठवत असे, पण त्यांनी काय केले आणि ते कसे केले याबद्दल एकही प्रश्न येत नसे. ही उणीव पाहुण्यांची किंवा मुलांची नव्हती. ती भेटीच्या घडणीत होती आणि ती घडण शिक्षकाने ठरवलेली होती.

ही घडण बदलण्याची दिशा याच जिल्ह्यातील एका गावाच्या कामात सापडली. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९८९ नंतर श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि पाणलोटाची कामे करून आपली दुष्काळी ओळख पुसली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि २०२० मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली हेही सर्वश्रुत आहे. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्या गावाची अधिक मोलाची देणगी म्हणजे पाण्याचा ताळेबंद होय. ताळेबंद म्हणजे जमा आणि खर्च यांचा मेळ. त्या वर्षी किती पाऊस पडला, त्यातून किती पाणी हाताशी आले, माणसांना आणि जनावरांना किती लागेल आणि उरलेल्यात कोणती पिके बसतील, याचा हिशोब ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पीकपद्धती ठरते. येथे पुढारी आदेश देत नाही, तो गणित मांडतो. गणिताचे उत्तर दरवर्षी वेगळे येत असल्याने गावाला दरवर्षी नव्याने विचार करावा लागतो.

हा हिशोब नववीच्या वर्गात मांडला तेव्हा त्याची ताकद प्रत्ययाला आली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे एका हेक्टरवर त्याच पावसाचे १०,००० लिटर होतात. गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर धरला, तर गावावर ४०० कोटी लिटर पाणी पडते. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे, त्यानुसार २,००० वस्तीच्या गावाला घरगुती वापरासाठी वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर पाणी पुरते. फळ्यावर हे दोन आकडे एकाखाली एक आले, की पहिल्याच्या जेमतेम शंभराव्या भागात दुसरा बसतो हे मुलांना दिसते आणि वर्गात विलक्षण शांतता पसरते, कारण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावण्याचे काम त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतः केलेले असते. मग उरलेले पाणी जाते कुठे, हा प्रश्न कोणी सांगावा लागत नाही. किती वाहून जाते, किती वाफ होऊन उडते, किती मुरते आणि मुरलेले कोण उपसते असे त्याचे फाटे आपोआप फुटतात. सुरू उसाच्या एका हेक्टरला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते, हा आकडा तिसऱ्या ओळीत लिहिला की दोन हेक्टर ऊस आणि सगळ्या गावाचे घरगुती पाणी तराजूच्या दोन पारड्यांत येतात. शासनाने नववी-दहावीसाठी जलसुरक्षा हा विषय ठेवला आहे आणि त्याच्या पुस्तकात संकल्पना आहेतच. त्यांत जीव येतो तो आपल्या गावाचे आकडे भरल्यावर.

हे आकडे कोठून आणायचे या गरजेपोटी शाळेतील मुले गावच्या सरपंचांकडे गेली आणि येथे नेतृत्वाची खरी कसोटी लागली. मुलांनी विचारले होते, की शाळेजवळची विहीर पौष महिन्यातच तळ दाखवते आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरची दुसरी विहीर चैत्रापर्यंत टिकते, असे का. सरपंचांना काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. त्यांनी आपल्यालाही हे कळलेले नाही असे सरळ सांगितले आणि दोन्ही विहिरींच्या मालकांशी बोलून मुलांना दर महिन्याला पाणीपातळी मोजण्याची मोकळीक मिळवून दिली. वडीलधाऱ्या, मान असलेल्या माणसाने मुलांसमोर न जाणण्याची कबुली देणे ही ग्रामीण जीवनात साधी गोष्ट नाही. त्या एका कबुलीने प्रश्नाला प्रतिष्ठा मिळाली. जे सरपंचांनाही माहीत नाही ते आपण शोधू शकतो, ही जाणीव त्या वयातील मुलाला जी उभारी देते ती कोणत्याही बक्षिसाने मिळत नाही.

त्यानंतर शनिवारची सकाळची शाळा सुटली की मुले दगड बांधलेली दोरी घेऊन विहिरीवर जाऊ लागली. विहिरीची खोली जुनी माणसे परसात सांगतात. परस म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीएवढे माप. मुलांनी परस, हात आणि मीटर यांचा मेळ बसवला आणि त्या निमित्ताने प्रमाणित एकक का लागते हे त्यांना पाठ न करता समजले. विहिरी खोदण्यात आयुष्य घालवलेल्या एका वयोवृद्ध कारागिराने त्यांना विहिरीच्या कडेला बसवून वरून खाली थर दाखवले. वर माती, मग मुरूम, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला खडक, त्याखाली पांढऱ्या खनिजांचे ठिपके असलेला मांजऱ्या आणि तळाशी काळा फत्तर. मुरुमात पाणी साठते, फत्तरात ते केवळ भेगांमधून वाहते आणि भेग नसेल तर पहारीखाली नुसता दगड लागतो, हे त्याचे सांगणे. पाठ्यपुस्तकातील बेसॉल्ट आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर यांच्याशी हे सांगणे जोडून देणे एवढेच काम शिक्षकाकडे उरले. दोन विहिरींच्या वागण्यातील फरकाचे एक संभाव्य कारण मुलांच्या हाती आले होते आणि ते तपासण्यासाठी आणखी विहिरी पाहायला हव्यात, हा निर्णय त्यांनीच घेतला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत अशीच मोजते, हे कळल्यावर आपले काम खेळ नसून खऱ्या शास्त्राचा भाग आहे याची त्यांना खात्री पटली.

याच टप्प्यावर पाणाडीचा प्रश्न पुढे आला. पाणाडी म्हणजे हातातील नारळ किंवा झाडाची फांदी हलण्यावरून भूगर्भातील पाण्याची जागा सांगणारा माणूस, आणि गावोगावी त्याच्या शब्दावर शेतकरी कर्ज काढून कूपनलिका घेतात. त्याची खिल्ली उडवली असती तर अर्ध्या मुलांच्या घरचा अपमान झाला असता, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केले असते तर कुतूहलाची शिकवण अर्धवट राहिली असती. मुलांनी गावातील कूपनलिकांची यादी करावी, कोणती पाणाडीच्या सांगण्यावरून घेतली आणि कोणती नाही हे लिहावे आणि प्रत्येकीला पाणी लागले की नाही याची नोंद करावी, असा मार्ग ठरला. या यादीत पहिली अडचण अशी आली, की यशस्वी कूपनलिका सगळ्यांना आठवतात आणि कोरडी गेलेली कोणी आपणहून सांगत नाही. आठवणीच आधी गाळून आलेल्या असतात, त्यामुळे केवळ ऐकीव माहितीवर निष्कर्ष काढता येत नाही, हा धडा मुले घराघरांतून शिकली. श्रद्धेशी वाद न घालता तिच्याशेजारी नोंदवही उघडून ठेवण्याची ही रीत पुढील अनेक विषयांत उपयोगी पडली.

पाण्याचे उदाहरण सरपंचांभोवती फिरते, तर बियाण्याचे उदाहरण नेतृत्वाची कल्पनाच पालटून टाकते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण वाल, घेवडा, भात आणि भाजीपाला यांचे स्थानिक वाण त्यांनी जतन केले, आपल्याच घरी बीजबँक उभी केली आणि आसपासच्या स्त्रियांना त्या कामात ओढले. बीजबँक म्हणजे बियाणे साठवून ते शेतकऱ्यांना लागवडीसाठी देण्याची आणि पीक आल्यावर परत वाढवून घेण्याची व्यवस्था. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचे नाव आले, तेव्हा ग्रामीण शाळांना त्यांची ओळख झाली. दहावी झाली नाही म्हणजे आयुष्य वाया गेले, असे ऐकत वाढणाऱ्या मुलांना त्यांचे उदाहरण दिलासा देते खरे, परंतु त्याचे शैक्षणिक मोल त्यापेक्षा खोल आहे. त्यांच्यासारख्या स्त्रिया प्रत्येक गावात आहेत. कोणाच्या आजीच्या उतरंडीत राखेत घोळलेले वालाचे दाणे असतात, कोणाची आई परसातील दोडक्याचे पहिले चांगले फळ वेलीवरच वाळू देते.

या स्त्रियांना शाळेत बोलावले तेव्हा भाषण ठेवले नाही. त्यांनी बियाणे आणावे आणि मुलांनी विचारावे असे ठरले. राख कशाला लावायची, हा पहिला प्रश्न. तिने कीड लागत नाही, हे उत्तर मिळाले. पण कीड का लागत नाही, यावर पाहुण्या आणि शिक्षक दोघेही थांबले. राख दाण्याभोवतीचा ओलावा शोषते की किड्याच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडते, हे ठरवण्याआधी राखेने खरोखर फरक पडतो का ते पाहण्यासाठी मुलांनी एकाच वाणाचे दाणे राखेसह आणि राखेविना अशा दोन बरण्यांत ठेवले. दुकानातल्या संकरित बियाण्याचे दाणे पुन्हा पेरले तर पुढच्या वर्षी पीक एकसारखे येत नाही, असे एका आजींनी सांगितले आणि विज्ञानाच्या पुस्तकात वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करणारा मेंडेल अनपेक्षितपणे वर्गात येऊन बसला. संकर म्हणजे दोन भिन्न गुणांच्या वाणांचे मीलन. त्याच्या पहिल्या पिढीत जे गुण एकत्र दिसतात ते दुसऱ्या पिढीत पुन्हा वेगळे होतात. आजींनी शेतात पाहिलेली गोष्ट आणि मेंडेलने मठाच्या बागेत मोजलेली गोष्ट एकच आहे, हे ओळखणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद कोणत्याही शिक्षकाला आयुष्यभर पुरेल. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत. तरीही गावातील ज्ञानाची मालकी पुरुषांकडे असते, हा समज मुलांच्या मनात टिकून असतो. त्या दिवशी सर्वाधिक प्रश्न मुलींनी विचारले होते, ही गोष्ट म्हणूनच लक्षात घ्यावी लागते.

असे प्रसंग सुटे राहिले तर त्यांचा ठसा पुसट होतो, आणि त्यांना शिस्त कशी लावावी याचे उत्तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या कार्यपद्धतीत आढळते. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा सहकारी यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यासगट आणि ग्रामसभा अशा दोन बैठका वेगळ्या राखल्या गेल्या. अभ्यासगटात प्रश्न समजून घ्यायचा, माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकाराला विचारायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेने, तोही सर्वसहमतीने घ्यायचा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे वर्षानुवर्षांचा हा अभ्यास होता. कुतूहलाच्या दृष्टीने या विभागणीचे महत्त्व मोठे आहे. निर्णयाची घाई असते तेथे माणूस आपल्या मताला पोषक तेवढेच शोधतो, आणि निर्णय बाजूला ठेवला की मनात आलेली शंका बोलून दाखवण्याचे भय उरत नाही. हायस्कूलमध्ये याच धर्तीवर चालवलेल्या अभ्यासगटात मुले, एक शिक्षक आणि गावातील एक जाणती व्यक्ती असे एकत्र बसतात, ऊस लावावा की नाही हे ठरवत नाहीत, उसाला किती पाणी लागते एवढेच शोधतात. त्यामुळे ऊस लावणाऱ्या घरातील मुलगाही मोकळेपणाने बसू शकतो आणि आपल्या शेतातील आकडे आणून देतो.

हाताने केलेल्या कामाला या साऱ्यात मध्यवर्ती स्थान आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि तेथून मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा आठवी ते दहावीसाठीचा अभ्यासक्रम आकाराला आला. त्यात वेल्डिंग, बांधकाम, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अन्न-आरोग्य अशी कामे मुले प्रत्यक्ष करतात, गावातील कारागीर शिकवणारे होतात आणि मुले गावाला उपयोगी पडेल अशी वस्तू किंवा सेवा तयार करून तिचा खर्चही मांडतात. कारागीर शिकवतो तेव्हा प्रश्न अटळपणे उपजतात, कारण वेल्डिंगचा सांधा निघाला तर तो का निघाला हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीमची, म्हणजे उत्पादक कामातून शिक्षण या विचाराची, ही विज्ञाननिष्ठ पुढची पायरी मानता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. ती चांगली आहे. मात्र ते दहा दिवस सहलीसारखे न जाता त्यांतून वर्षभर पुरेल असा एक प्रश्न घेऊन मूल परत येते का, यावरच त्यांचे यश मोजले पाहिजे.

या कामातील अडचणी मांडल्याशिवाय त्याचे चित्र प्रामाणिक होणार नाही. गावात गट असतात, निवडणुका येतात आणि मुलांनी गोळा केलेला आकडा कोणाच्या तरी विरोधात वापरला जाण्याची शक्यता असते. एका वर्षी विहिरींच्या नोंदींचा हवाला एका भांडणात दिला गेला आणि काही महिने मोजमाप थांबवावे लागले. कोणाची विहीर किती उपसली जाते हे नावानिशी न लिहिता विहिरींना क्रमांक द्यावेत आणि नोंदवही सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवावी, हे शहाणपण त्यातून आले. कोणत्या वस्तीवरील जाणत्याला शाळेत बोलावले जाते आणि कोणाला नाही, यात जातीचा अदृश्य चाळणीसारखा वापर होतो. ती चाळण दूर करणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे, कारण मुलांच्या नजरेत ज्ञान कोठे राहते हे त्या निवडीवरून ठरते. दहावीच्या वर्षात वेळ मिळत नाही ही तक्रारही खरी आहे आणि तिच्यावर सोपा उपाय नाही. मोजमापाचे मुख्य काम आठवी-नववीकडे ठेवणे आणि दहावीच्या मुलांनी महिन्यातून एकदा येऊन त्यांना शिकवणे, एवढी तडजोड निभावली.

या सर्वांत शिक्षकाचे स्थान दुय्यम ठरते असे वाटेल, परंतु अनुभव निराळा आहे. जाणत्या माणसाच्या बोलण्यातील कोणता धागा पुस्तकातील कोणत्या पाठाशी जुळतो हे ओळखणे, कोणता प्रश्न मुलांच्या आवाक्यात तपासता येईल हे ठरवणे आणि उत्तर माहीत असले तरी ते वेळेआधी न सांगणे, ही तीन कामे शिक्षकाशिवाय कोणी करू शकत नाही. यातले तिसरे सर्वांत अवघड आहे. पुढाऱ्याने न जाणण्याची कबुली द्यावी असे म्हणणाऱ्या शिक्षकाने स्वतःही गप्प राहायला शिकावे लागते.

शाळेतील विहिरींची नोंदवही आता अनेक हातांतून गेली आहे. तिच्यात अक्षरे बदलत जातात, शाई बदलत जाते, काही पानांवर पावसाचे डाग आहेत. दरवर्षी जून महिन्यात शाळा सुरू झाल्यावर दहावीत गेलेली मुले ती नव्या आठवीच्या हाती देतात आणि त्या वेळी शेवटचे पान वाचून दाखवण्याची रीत पडली आहे. त्या पानावर उत्तरे लिहीत नाहीत. वर्षभर मोजूनही न कळलेल्या गोष्टी तेथे लिहिलेल्या असतात. चौथ्या क्रमांकाच्या विहिरीला पाऊस थांबल्यानंतर महिनाभराने पाणी का चढते, हा प्रश्न त्या पानावर तीन वर्षे होता. चौथ्या वर्षी त्याच्याखाली ओढ्यावरच्या बंधाऱ्याचा नकाशा काढलेला दिसला आणि त्या नकाशाच्या कोपऱ्यात, मोजमापाच्या दिवशी दोरी धरून उभ्या राहिलेल्या सरपंचांची सही होती.